‘राइट’, हक्क आणि अधिकार

आज बोलायचं आहे ते एका अगदी साध्या इंग्रजी शब्दाबद्दल. शब्द आहे ‘राइट’. उत्तर बरोबर आलं की ‘राइट’. रिक्षा उजवीकडे वळवायची, तरी ‘राइट’. काटकोन म्हणजे ‘राइट अँगल’, आणि कोर्टात गेलात की ‘राइट’ म्हणजे हक्क. आपल्याकडे यासाठी वेगवेगळे शब्द आहेत, इंग्रजीचं काम एकाच शब्दात भागतं. हे झालं कसं?

मूळ अर्थ ‘सरळ’. लॅटिनमधला ‘रेक्टस’ आणि आपल्या संस्कृतातला ‘ऋजु’ हे त्याच कुळातले. सरळ ते बरोबर, सरळ वागणं ते योग्य. जुन्या इंग्रजीत उजव्या हाताला ‘अधिक बळकट’ अशा अर्थाचा शब्द होता, पुढे तोही ‘राइट’ झाला. १७८९ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाच्या नकाराधिकाराचे समर्थक अध्यक्षांच्या उजव्या बाजूला बसले, आणि राजकारणात ‘उजवे’ आले.

आता दोन वाक्यं बघा. ‘हे करणं राइट आहे’ आणि ‘हे करायचा मला राइट आहे’. ही दोन वाक्यं एक नव्हेत. एखादं मत मांडायचा मला हक्क असतो, तरी ते मत चुकीचं असू शकतं. उलट, भुकेल्या वाटसरूला जेवू घालणं योग्यच, पण त्याला माझ्या ताटावर कायद्याने हक्क सांगता येत नाही. इंग्रजीत शब्द एकच असल्यामुळे ही गल्लत सहज होते.

मराठीत ती होत नाही, पण आपली गल्लत निराळी आहे. ‘हक्क’ हा अरबी शब्द. तिकडे त्याचा अर्थ ‘सत्य’ असाही होतो. आपल्या पेशवाईच्या कागदांत मात्र हक्क म्हणजे वतनदाराचा हक्क. पाटील, कुलकर्णी, देशमुख यांना मिळणारं ठरीव उत्पन्न आणि मानपान. तो माणूस म्हणून मिळत नसे, घराण्यामुळे मिळे. ‘अधिकार’ हा तर मीमांसेतला शब्द. अमुक कर्म करायला कोण पात्र, हा तिथला प्रश्न. शूद्राला वेदाध्ययनाचा अधिकार नाही, असं जे सांगितलं जाई ते याच अर्थाने. म्हणजे एका शब्दाला वंश चिकटलेला, दुसऱ्याला पात्रता.

अशा भाषेत जोतीराव फुले वाढले, आणि तरुणपणीच त्यांच्या हाती टॉमस पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ पडलं. १७९१ साली त्याचा पहिला भाग निघाला होता. माणूस जन्मला, एवढीच हक्काची अट, हा त्यातला विचार. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा निघाली. जोतीरावांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात तर त्यांनी स्त्री-पुरुष सगळ्यांना जन्मतः सारखे हक्क सांगितले. शब्द जुनाच, पण त्यातून घराणं गेलं.

ही नुसती शब्दांची चर्चा नाही. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं केलं. तरी अस्पृश्यांना तिथलं पाणी भरता येईना. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आपल्या अनुयायांसह ते पाणी प्यायले. विरोधक कोर्टात गेले, तेही हक्कच सांगत. तळं आमच्या वहिवाटीचं, म्हणाले. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला, पण कशावर? अनादी काळापासूनची वहिवाट सिद्ध झाली नाही, यावर. समजा ती सिद्ध झाली असती तर? हा प्रश्न मला नेहमी अस्वस्थ करतो.

त्याचं उत्तर मिळालं ते १९५० साली. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. म्हणून ‘हक्क मागता, पण आधी लायक तरी व्हा’ असं कोणी म्हणालं, तर ओळखा की तो मीमांसेतला अधिकार बोलतोय. लायकी नोकरीला लागते, पाणी प्यायला लागत नाही.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.