ब्राउझर स्लो झालाय? आधी दोष कुणाचा ते ओळखा

धान विक्रीच्या नोंदणीसाठी सातबारा हवा आहे. घरच्या कॉम्प्युटरवर महाभूलेखची साइट उघडून तुम्ही भंडारा जिल्हा, लाखनी तालुका निवडता आणि गोल चक्र फिरतच राहतं. मुदत जवळ आली असेल तर जीव टांगणीला लागतो. पण दर वेळी दोष ब्राउझरचाच असतो असं नाही.

आधी ही चाचणी करा

त्याच वायफायवर मोबाइलमध्ये तीच साइट उघडा. तिथेही ती अडकली, पण बाकीच्या साइट चालत असतील, तर त्या साइटवरच ताण आहे. पहाटे किंवा रात्री उशिरा प्रयत्न करा. दोन्हीकडे सगळंच संथ असेल, तर इंटरनेटचा प्रश्न आहे. फक्त कॉम्प्युटरच अडत असेल, तर पुढचे उपाय करा.

१. टॅब कमी करा
प्रत्येक उघडा टॅब रॅम वापरतो. रॅम ४ जीबी असेल तर ती लवकर भरते. क्रोममध्ये 'शिफ्ट' आणि 'एस्केप' एकत्र दाबा. कोणता टॅब किती मेमरी खातोय, ते दिसेल. नको ते बंद करा.

२. एक्सटेन्शन तपासा
'कंट्रोल', 'शिफ्ट' आणि 'एन' दाबून इनकॉग्निटो विंडो उघडा. त्यात एक्सटेन्शन सहसा बंद असतात. तिथे साइट पटकन उघडली, तर एखादं एक्सटेन्शन आडवं येत असावं. एकेक बंद करून पाहा.

३. कॅशे साफ करा
'कंट्रोल', 'शिफ्ट' आणि 'डिलीट' दाबा. फक्त साठवलेल्या इमेज आणि फाइल्सवर टिक ठेवा. कुकीज पुसल्या तर साइटवरून लॉगआउट व्हाल. पासवर्डवर टिक असेल तर ती काढायला विसरू नका, नाहीतर सेव्ह केलेले पासवर्ड जातील.

४. विंडोज किती जुनी आहे?
विंडोज ७ आणि ८.१ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० पासून विंडोज १० किंवा त्यापुढची लागते. जुन्या आवृत्तीत नव्या साइट नीट चालतीलच असं नाही आणि सुरक्षेचे अपडेटही मिळत नाहीत.

हे मात्र करू नका

'तुमचा कॉम्प्युटर स्लो आहे, क्लीनर डाउनलोड करा' अशी जाहिरात दिसली तर क्लिक करू नका. अशा फुकटच्या क्लीनरमधून व्हायरस येऊ शकतो. ज्या कॉम्प्युटरवरून तुम्ही बँकेचं खातं उघडता, तिथे हा धोका परवडणारा नाही.