पोटाला पडलेली खिडकी

पोटात अन्न दळलं जातं, कुजतं की विरघळतं, यावर डॉक्टरलोकांत जुना वाद होता. ६ जून १८२२ ला अमेरिकेतल्या मॅकिनॉ बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिनला चुकून गोळी लागली. तो वाचला, पण जठराचं भोक बुजलंच नाही. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँटने १८२५ पासून त्यातून दोऱ्याला बांधलेलं मांस आत सोडलं, जठररस बाहेर काढला. बाटलीतल्या रसातही मांस विरघळलं! म्हणजे पचन ही रासायनिक क्रिया. १८३३ साली त्याचं पुस्तक आलं.

आम्ही प्रोग्रामर चालू प्रोग्रॅममध्ये डोकावतो, पण त्याला दुखत नाही. अलेक्सिस एकदा न विचारता कॅनडाला निघून गेला होता. १८८० मध्ये तो वारला, तेव्हा डॉक्टरांच्या हाती लागू नये म्हणून घरच्यांनी त्याला ८ फूट खोल पुरलं. जठररस म्हटलं की मला आधी तोच आठवतो.