चारकोपच्या परिसरांतील दगड व रेती : इतिहासाचें एक उपेक्षित साधन

ताम्रपट, शिलालेख, सनदा व महजर हीं इतिहासाचीं साधनें होत, याविषयीं आतां वाद उरलेला नाहीं. परंतु ज्या दगडावर लेख कोरला जातो तो कोणत्या खाणींतून निघाला, कोणीं काढिला, कोणत्या मापानें विकला, याचा शोध आपण क्वचितच घेतों. मुंबईच्या थोर इमारतींचा इतिहास लिहितांना स्थापत्यकाराचें व गव्हर्नराचें नांव येतें. दगडाच्या गांवाचें येत नाहीं. साष्टींतील चारकोप व त्याच्या शेजारचीं गांवें यांच्या निमित्तानें या उणिवेचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

चारकोप हें कांदिवलीच्या पश्चिमेस वसलेलें जुनें गांव. त्याच्या पश्चिमेस मनोरीची खाडी, खारफुटी व खाजणें. पूर्वेस, आगगाडीचा रस्ता ओलांडून गेल्यावर, आकुर्लीच्या काळ्या पाषाणाच्या टेकड्या. एका हातास रेती व दुसऱ्या हातास दगड, अशी ही भूमि आहे. साष्टी मराठ्यांनीं 1737 सालीं पोर्तुगीजांपासून घेतली व 1774 च्या अखेरीस ती इंग्रजांकडे गेली. राज्यें बदललीं, पण दगडाची मागणी सर्वांच्या अमदानींत चालू राहिली. तिचें स्वरूप मात्र पालटत गेलें, व तें पालटणें हाच या लेखाचा मुख्य विषय आहे.

आरंभीं दगड जागचा हालत नसे. माणूसच त्याच्याकडे जाई. बोरिवलीजवळील मंडपेश्वराचें लेणें डोंगरांत कोरलें गेलें, व सोळाव्या शतकांत फ्रान्सिस्कन पाद्र्यांनीं त्याच लेण्याचें प्रार्थनास्थान केलें. आकुर्लीजवळील पडण टेकडीवर खडकांत कोरलेल्या खुणा, पावलें व लहान लहान लेख आहेत, असें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं दाखवून दिलें. सोपारा व पडण येथील प्राचीन अवशेषांवरील त्यांचा निबंध रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकांत 1882 सालीं आला. खडकावरील लेख ऊन, पाऊस व सुरुंग यांच्या हवालीं असतो. त्याचें वाचन कागदावर उतरलें कीं तें सुरक्षित झालें, हा धडा त्या निबंधापासून घ्यावयाचा.

दुसऱ्या अवस्थेंत दगड शहराकडे जाऊं लागला, परंतु आपलें नांव घेऊन. मालाडचा पिवळसर दगड व कुर्ल्याचा दगड हे मुंबईच्या गवंड्यांस व पाथरवटांस नांवानें ठाऊक होते. जॉर्ज विटेट यानें योजिलेल्या वस्तुसंग्रहालयाच्या इमारतींत हे दोन्ही दगड आहेत. त्याच स्थापत्यकाराच्या गेटवे ऑफ इंडियाचा पाया 31 मार्च 1913 रोजीं घातला गेला, व 4 डिसेंबर 1924 रोजीं ती कमान खुली झाली. तिचा पिवळा दगड खारोडीचा. खारोडी हें गांव मालाड व मार्वे यांच्या दरम्यान, म्हणजे चारकोपापासून हाकेच्या अंतरावर म्हटलें तरी चालेल. कमानीखालून रोज हजारों लोक जातात. खारोडीची आठवण त्यांपैकीं किती जणांस होत असेल?

तिसऱ्या अवस्थेंत दगडाचें नांव गेलें व केवळ वजन उरलें. सर जॉर्ज लॉईड गव्हर्नर असतांना 1920 सालीं मुंबईंत डेव्हलपमेंट खातें निघालें व त्यानें बॅकबेंत 1,145 एकर जमीन समुद्रांतून काढण्याचा संकल्प केला. समुद्राच्या भिंतीसाठीं कांदिवलीच्या खाणींतील दगड आगगाडीनें नेण्यांत आला. या कामांतील उधळपट्टीवर खुर्शेद नरिमन यांनीं कडक टीका केली, व 1926 सालीं सर ग्रिमवुड मियर्स यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी समिति बसली. योजना आंखडती घ्यावी लागली. सुमारें 440 एकरच जमीन निघाली. पुढें त्याच बाजूस भराव घालून जो भाग झाला, त्यास नरिमन यांचेंच नांव मिळालें. कांदिवलीचा दगड मात्र पाण्याखालीं निनांवी राहिला.

याच कांदिवलीच्या टापूंत नौदलांतील अधिकारी टॉड यांस अश्मयुगीन हत्यारें सांपडलीं. त्यांचे निबंध 1932 व 1939 सालीं प्रसिद्ध झाले. पुढें मलिक यांनीं मुंबई व सातारा जिल्ह्यांतील अश्मयुगीन अवशेषांवरील 1959 च्या ग्रंथांत या विषयाचा पुनर्विचार केला. जमिनीचा छेद उघडा पडल्याखेरीज असे थर दिसत नाहींत. आणि जी मागणी जमीन उघडते, तीच मागणी त्यांवर इमारत उभी करून तिला कायमची झांकते. ज्यानें त्या मधल्या काळांत जाऊन पाहिलें व लिहून ठेविलें, त्यालाच तें दिसलें.

चौथी अवस्था काँक्रीटची. डेव्हलपमेंट खात्यानेंच वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें 207 चाळी बांधिल्या. त्या काँक्रीटच्या होत्या. काँक्रीटच्या घनफळाचा सुमारें तीन चतुर्थांश भाग खडी व रेती यांचा असतो. घडीव दगडास पाथरवट लागे. खडीस चाळणीचें माप पुरतें. उपनगराचा हा भाग 1957 सालीं बृहन्मुंबईंत आला. 1985 सालीं सुरू झालेल्या, जागतिक बँकेच्या कर्जाच्या मुंबई नागरी विकास प्रकल्पांत चारकोपास म्हाडानें पाणी व गटारें यांची सोय करून लहान भूखंड दिले, व लोकांनीं आपापलीं घरें बांधिलीं. जें गांव दुसऱ्यांस दगड देणाऱ्या टापूंत होतें, तें स्वतःच खडी व रेती यांचें गिऱ्हाईक झालें. आतां मेट्रोची कारशेडहि तेथें आहे.

रेती ठाणें व वसईच्या खाड्यांतून येई. डुबी पाण्यांत बुडी मारून घमेल्यानें ती काढीत. पुढें यंत्रांचे पंप आले व तळ खरवडला गेला. खाडीची रेती नीट धुतली नाहीं तर तिच्यांतील क्षार लोखंडी सळयांस गंज चढवितात. कायद्याच्या भाषेंत दगड व रेती हीं 1957 च्या अधिनियमानें ‘गौण खनिजें’ ठरलीं. परंतु त्यांच्या उपशाचे परिणाम गौण नव्हते. मुंबई उच्च न्यायालयानें 2010 सालीं रेती-उपशास मनाई केली, व सर्वोच्च न्यायालयानें 27 फेब्रुवारी 2012 रोजीं लहान खाणींसहि पर्यावरणाची पूर्वपरवानगी आवश्यक ठरविली. मग दगड भरडून केलेली कृत्रिम रेती पुढें आली; 2016 च्या भारतीय मानकांत तिला स्थान आहे. म्हणजे खाडीवरील भार हलका झाला तो डोंगरावर पडला.

या सर्व व्यवहाराचे कागद निश्चित झाले असले पाहिजेत : खाणींच्या ठेक्याचे करारनामे, स्वामित्वधनाच्या पावत्या, ब्रासांत मोजलेल्या मालाच्या वह्या, रेतीच्या पडावांचे हिशेब, बेलदारांच्या व वडारांच्या मजुरीच्या नोंदी. ते जुने नाहींत व सुवाच्यहि नाहींत, म्हणून संग्राहक त्यांस हात लावीत नाहींत, आणि घर पाडलें कीं ते राडारोड्याबरोबर जातात. महिकावतीची बखर राजवाडे यांनीं 1924 सालीं, म्हणजे गेटवे खुलें झालें त्याच वर्षीं, प्रसिद्ध केली. ती आपणांस मिळाली याचें कारण कोणीं तरी ती पोथी शतकानुशतकें जपली. खारोडी, आकुर्ली व चारकोप येथील जुन्या घरांतून अशी एखादी हिशेबाची वही वाचकांपैकीं कोणास आढळल्यास त्यांनीं ती रद्दींत जाऊं देऊं नये. तिची नक्कल तरी करून ठेवावी. टेकडी पुन्हां उभी करितां येत नाहीं. तिचा हिशेब मात्र अजून राखतां येईल.