१८१८चा रामदरबार

देवघरात, जुन्या बाजारात आणि हल्ली मोबाइलवरच्या संदेशांत तांब्याचे एक नाणे हमखास भेटते. एका बाजूला राम, सीता, लक्ष्मण, मारुती; दुसऱ्या बाजूला इंग्रजीत ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, ‘एक आणा’ किंवा ‘अर्धा आणा’ आणि साल १८१८. पूर्वपक्ष सरळ आहे: नाव कंपनीचे, साल कंपनीच्या अमदानीतले, तेव्हा नाणेही तिचेच. हिंदू रयत खूश राहावी म्हणून पाडलेले, आणि म्हणे लाखांच्या किमतीचे.

१८१८ हे कसले साल, ते मराठी वाचकाला सांगायला नको. पेशवाई बुडाल्यावर पुण्याच्या टांकसाळीत कंपनीने काय पाडले? पेशव्यांच्या वेळचा अंकुशी रुपयाच, फारसी मजकुरासकट. बंगालचा सिक्का रुपया शाहआलमच्या नावाने निघत होता. तो बादशहा १८०६मध्येच वारला होता! ओळखीचे नाणे बदलले की सराफ बट्टा कापणार, हे कंपनीला पक्के ठाऊक होते. सर्व इलाख्यांना एकच नाणे मिळाले ते १८३५मध्ये, चौथ्या विल्यमच्या मुखवट्याचे. त्या मालिकेत तांब्याचे सर्वांत मोठे नाणे अर्ध्या आण्याचे, वजन २०० ग्रेन, म्हणजे सुमारे १३ ग्रॅम. सरकारी एक आणा १९०७मध्ये आला. तोही निकेलमिश्रित आणि कंगोरेदार कडेचा.

यावर काही जाणकार ‘कंपनीने नाण्यावर देव घेतलेच नाहीत’ असे ठोकून देतात. तेही खोटे. मद्रासच्या सोन्याच्या पॅगोड्यावर विष्णू आहे, एका प्रकारावर तर दोन देवींसह. पण तिथे विजयनगरच्या होनांपासूनची सवय पाठीशी होती. आपल्या तांब्याच्या तुकड्यामागे असली कुठलीच चलनी परंपरा नाही.

तो आला आहे रामटंक्यांच्या घरातून. एका बाजूला रामदरबार, दुसऱ्या बाजूला धनुष्य घेऊन निघालेले राम-लक्ष्मण, अशा या टंक्यांची पूजेसाठी जुनी चाल आहे. ते चित्र उचलून बहुधा विसाव्या शतकात कुणीतरी त्याला कंपनीचे नाव चिकटवले. याच घराण्यातले तुकडे १६१६ आणि १७१७ सालांचेही मिळतात. करणाऱ्याला जोडअंकांची भारी हौस! तांदूळ ओढणारे ‘चमत्कारी’ नाणे म्हणून ठगांनी याच मालावर लोकांना गंडवले आहे.

मग याला बनावट नाणे म्हणावे का? माझ्या मते नाही. बनावटीला नक्कल करायला एक अस्सल लागते. इथे अस्सल कधी नव्हतेच. हे धार्मिक टोकन आहे, त्यावर कल्पित मूल्य छापलेले. देवघरात त्याची जागा कुणी हिरावून घेऊ नये. संग्राहकाने मात्र नोंदवहीत ‘धार्मिक टोकन, तांबे, बहुधा विसावे शतक’ असे लिहावे, वजन मोजून टिपावे, आणि १८१८ हा आकडा ‘मजकूर’ या रकान्यात घालावा, ‘काळ’ या रकान्यात नव्हे.