प्रयोगशाळेचा निष्कर्ष आणि संज्ञांचा प्रश्न

साथीच्या रोगाचे निदान बहुधा प्रयोगशाळेत पक्के होते. परंतु त्याचा प्रतिकार करणारी यंत्रणा आरोग्य खात्याची असते. या दोहोंमधील दळणवळण अमेरिकेत दीर्घकाळ टपाल, दूरध्वनी व फॅक्स यांच्या आधारे चालले. प्रयोगशाळेने कागद भरावा, खात्याने तो पुन्हा नोंदवावा, असा क्रम होता. साहजिकच पुष्कळ निष्कर्ष उशिरा पोहोचत. कित्येक पोहोचतच नसत.

संगणकीय संदेशांनी ही उणीव कितपत भरून निघते, याचे मोजमाप हवाई राज्यात १९९८ च्या उत्तरार्धात झाले. तेथील तीन मोठ्या खाजगी प्रयोगशाळांकडून पाच रोगजंतूंविषयीची ३५७ प्रकरणे खात्यास कळली. त्यांपैकी २०१ केवळ संगणकाद्वारे, ३२ केवळ जुन्या पद्धतीने आणि १२४ दोन्ही मार्गांनी आली. संगणकीय वृत्त सरासरी ३.८ दिवस आधी येई. म्हणजे केवळ जुन्या मार्गावर विसंबून राहिल्यास निम्म्याहून अधिक प्रकरणे खात्याच्या दृष्टीआड राहिली असती.

तथापि संदेश पोहोचला म्हणजे अर्थ पोहोचला, असे नव्हे. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या ‘एचएल७’ संस्थेने संदेशाची रचना ठरविली; एका अर्थी वाक्यविचार सिद्ध झाला. शब्दसंग्रह मात्र ज्याचा त्याचाच राहिला. एकाच चाचणीस निरनिराळ्या प्रयोगशाळा निरनिराळे संकेत वापरीत. यावर उपाय म्हणून इंडियानापोलिस येथील रीगनस्ट्रीफ संस्थेत क्लेमेंट मॅकडॉनल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये ‘लॉइंक’ ही संज्ञावली आरंभिली. काय मोजले, त्याचा कोणता गुण, कोणत्या कालावधीत, कोणत्या नमुन्यात, कोणत्या श्रेणीवर व कोणत्या पद्धतीने, अशा सहा घटकांनी तीत चाचणीचे नाव सिद्ध होते. अमेरिकन व ब्रिटिश संज्ञावलींच्या एकीकरणातून २००२ मध्ये आलेली ‘स्नोमेड सीटी’ रोगजंतूंना व निष्कर्षांना नावे पुरविते. पहिली प्रश्नाचे नाव सांगते, दुसरी उत्तराचे.

२००९ च्या अमेरिकन कायद्याने रुग्णालयांना संगणकीय अभिलेखांसाठी अनुदान दिले व पुढील नियमांत या वृत्तप्रेषणाचाही समावेश झाला. तरीही २०२० च्या कोविड साथीत अनेक खात्यांकडे फॅक्सचे ढीग साचले. कित्येक निष्कर्षांत रुग्णाचा पत्ताही नव्हता. स्थानिक संकेत प्रमाण संज्ञेशी जुळविण्याचे काम जाणत्या माणसास पारखून घ्यावे लागते. तेथे चूक झाली, तर निष्कर्ष वेळेवर येऊनही साथ ओळखू येत नाही.