हिंगोलीचा हरिसिंग आणि बाजूने काढलेला चेहरा



परवा भाचीला आलेल्या एका स्थळाकडून निरोप आला, "मुलीचा बाजूनं काढलेला एक फोटो पाठवा." नाक बघायचं असणार, दुसरं काय! मला काम्परची चित्रं आठवली.

पेत्रुस काम्पर हा हॉलंडचा शरीरशास्त्रज्ञ. त्यानं माकडापासून ग्रीक पुतळ्यापर्यंत डोकी एका रांगेत, बाजूनं रेखाटली. कानापासून नाकाखाली एक रेघ, कपाळापासून ओठावर दुसरी, आणि मधला कोन मोजायचा. तो गेल्यावर, 1791 साली, ही चित्रं छापली गेली. एकोणिसाव्या शतकात लोकांनी त्या कोनावरून माणसांची प्रतवारीच लावली. डोक्यावरच्या उंचवट्यांवरून स्वभाव सांगणारेही निघाले. सागरला फाशी दिलेल्या सात ठगांच्या कवट्या 1830च्या दशकात त्यांच्याकडे थेट स्कॉटलंडमध्ये, एडिंबऱ्याला गेल्या. मोजून पाहतात तर खुनशीपणाचा म्हणून जो उंचवटा, तो काही फार मोठा निघेना!

त्यांनी खरं तर आपली हिंगोली बघायला हवी होती. इथे निजामाच्या फौजेची छावणी होती, आणि तिथल्या बाजारात हरिसिंग नावाचा प्रतिष्ठित व्यापारी. मेडोज टेलर या अधिकाऱ्यानं 1839च्या आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याची हकिगत दिली आहे; टेलरनं स्वतः त्याच्याशी व्यवहार केले होते. हिंगोलीजवळच्याच एका गावचा व्यापारी मुंबईहून कापड घेऊन येतोय, हे हरिसिंगाला कळलं. त्यानं कॅप्टन रेनॉल्ड्सकडून मुंबईचं कापड आणायचा रीतसर परवाना काढला. मग वाटेत तो व्यापारी, त्याचे नोकर, बैल हाकणारे, सगळ्यांना मारलं आणि त्याच परवान्यावर माल आणून छावणीत उघड विकला. पकडल्यावर तो स्वतः बोलला, म्हणून कळलं. कुणाकुणाच्या घरात ते कापड गेलं असेल, या विचारानं अंगावर काटा येतो.

पाठशाळेत आठ कर्मं पाठ केलीत ना? शरीराची ठेवण, रंग, नाक हे नामकर्माचं. क्रोध, मान, माया, लोभ हे मोहनीयाचं. दोन वेगळी खाती. हरिसिंगाची माया त्याच्या कपाळावर कुठून दिसणार?

वहिनी म्हणते, एका फोटोसाठी स्थळ हातचं जाईल. मी नको म्हणत होते. शेवटी भाचीच म्हणाली, "आत्या, पाठवू दे. पण त्यांच्या मुलाचाही मागव."