वजन, अंतर आणि टपालहशील : १८५४ च्या टपाल सुधारणेचा एक विचार

प्रस्तावना

कोणतीही वस्तू एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोचविण्याचा खर्च अंतर, वजन व आकारमान या तिन्ही घटकांवर अवलंबून असतो. तथापि यांपैकी कोणता घटक मोजून हशील आकारावयाचे, हा धोरणाचा प्रश्न असतो. ते माप बदलले की पत्र पाठविणे कोणाला परवडते, हेही बदलते. भारतातील १८५४ च्या टपाल सुधारणेच्या आधारे या संबंधाचा विचार करणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

अंतराधिष्ठित आकारणी

१८३७ च्या कायद्याने कंपनी सरकारच्या प्रदेशातील पत्रवहनाचा एकाधिकार सरकारकडे आला. हशील वजनाबरोबर अंतरानुसारही ठरे. कलकत्त्याहून मुंबईस जाणाऱ्या पत्रास तोळ्यामागे १ रुपया, तर आग्र्यास जाणाऱ्या पत्रास १२ आणे पडत. टपालाची थैली बव्हंशी हरकाऱ्यांच्या खांद्यावरून जात असल्याने अंतरागणिक दर वाढविणे स्वाभाविक वाटे. परंतु दूरदेशी गेलेल्या सामान्य माणसाला त्यामुळे पत्रव्यवहार दुर्लभ होत असे.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये रोलंड हिल यांनी टपाल सुधारणेविषयीची आपली पुस्तिका प्रसिद्ध केली. तेथे अंतर आणि कागदांची संख्या यांवर हशील आकारले जाई. लिफाफा हाही एक स्वतंत्र कागद धरला जात असल्याने लोक पत्राचाच कागद दुमडून त्यावर पत्ता लिहीत. एका पत्राच्या प्रत्यक्ष वाहतुकीचा खर्च अत्यल्प असून खरा खर्च पत्र स्वीकारणे, हिशेब ठेवणे व वाटप करणे यांत होतो, असे हिल यांनी दाखवून दिले. १० जानेवारी १८४० पासून तेथे अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्रास, अंतर कितीही असो, १ पेनी हा दर लागू झाला.

तोळ्याचे माप

भारतात १८५० मध्ये टपाल व्यवस्थेच्या चौकशीसाठी आयोग नेमण्यात आला. त्यातून १८५४ चा कायदा आला व १ ऑक्टोबर १८५४ पासून पत्रांसाठी अंतराचा निकष रद्द झाला. पाव तोळ्यापर्यंत अर्धा आणा, अर्ध्या तोळ्यापर्यंत १ आणा आणि एक तोळ्यापर्यंत २ आणे, असे दर ठरले. कलकत्ता-मुंबई मार्गावर तोळाभर वजनाच्या पत्राचे हशील अशा रीतीने १६ आण्यांवरून २ आण्यांवर, म्हणजे एक अष्टमांशावर आले.

अंतराचा अडसर दूर झाला, तरी वजनाची मर्यादा काटेकोर होती. पाव तोळा म्हणजे सुमारे २.९ ग्रॅम. आज कार्यालयात वापरला जाणारा ए-४ आकाराचा साधा कागद सुमारे ५ ग्रॅमचा असतो. त्या काळी त्यास १ आणा द्यावा लागला असता. स्वस्त पत्र म्हणजे पातळ कागदावरील मोजका मजकूर, हे ओघानेच आले. १८६९ मध्ये अर्ध्या आण्याची मर्यादा अर्ध्या तोळ्यापर्यंत वाढली आणि १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. पोस्टकार्डाने वजनाचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविला : कागदाचा आकारच ठरवून दिल्याने तोलण्याची आवश्यकता उरली नाही.

बंगी टपाल : एक अपवाद

पार्सलांच्या बाबतीत मात्र वेगळे धोरण दिसते. कावडीने वाहून नेल्या जाणाऱ्या या टपालास बंगी म्हणत. त्याची मर्यादा ६०० तोळे, म्हणजे सुमारे ७ किलोग्रॅम होती आणि १८५४ नंतरही त्याचे दर वजन व अंतर या दोहोंनुसार आकारले गेले. कारण उघड आहे. तोळाभर पत्राने हरकाऱ्याच्या ओझ्यात फारसा फरक पडत नसे. शेकडो तोळ्यांच्या गाठोड्याने मात्र प्रत्येक कोसाचे श्रम वाढत. हिल यांचा युक्तिवाद पत्रास लागू पडे, जड पार्सलास तितकासा नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, वाहकाजवळ जे दुर्मिळ, त्याचे माप दरात उतरते. कावडीवर वजन दुर्मिळ होते. विमानात जागाही तितकीच दुर्मिळ असते. म्हणूनच आज अनेक कुरियर सेवा लांबी, रुंदी व उंची यांच्या घन सेंटिमीटरमधील गुणाकारास ५००० ने भागून आकारमानी वजन काढतात. प्रत्येक बाजू ४० सेंटिमीटर असलेल्या खोक्यात २ किलोग्रॅमचीच वस्तू असली, तरी हिशेब १२.८ किलोग्रॅमचा होतो. पत्रांच्या बाबतीत १८५४ च्या कायद्याने या हिशेबापलीकडे जाऊन जवळच्या व दूरच्या पत्रास एकच दर लावला. दूर राहणाऱ्यांच्या अंतराचा भार सर्वांनी मिळून उचलावा, हे तत्त्व त्यातून व्यवहारात आले. या सुधारणेचे सामाजिक महत्त्व त्यातच आहे.